हह : प्राचीन इजिप्तचे दहा लाख, आणि मोजता न येणारं पुष्कळ

दौतटाक

गेल्या रविवारी पुतणी शाळेच्या प्रकल्पासाठी इजिप्तचे आकडे काढत बसली होती. एकाला उभी रेघ, दहाला गुराच्या पायबंदाची कमान, शंभराला दोराचं वेटोळं, हजाराला कमळ, दहा हजाराला बोट, लाखाला बेडूकमासा. आणि दहा लाखाला गुडघ्यावर बसून दोन्ही हात वर केलेला एक माणूस. त्याच्याखाली तिच्या पुस्तकात छापलं होतं, ‘एवढी मोठी संख्या पाहून थक्क झालेला माणूस’. ती म्हणाली, “काका, ज्याला मोजता येतंय तो थक्क कशाला होईल?”

तिला तोंडी उत्तर दिलं, पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ते चित्र म्हणजे ‘हह’ हा शब्द. दोन व्यंजनं, दोन्ही घशातून खोल काढायची, अरबीतला ‘हज’ म्हणताना निघतो त्या ‘ह’सारखी. इजिप्शियन लिपी स्वर लिहीत नाही, त्यामुळे मधे कोणता स्वर होता ते चित्रावरून कळत नाही. अभ्यासक सोयीसाठी ‘हेह’ म्हणतात. मात्र या भाषेचं शेवटचं रूप जे कॉप्टिक, ते ग्रीक वळणाच्या अक्षरांत लिहितात आणि त्यात स्वर असतात. त्याच्या साहिदी या दक्षिणेकडच्या बोलीत हा शब्द ‘हाह’ असा मिळतो. तिथे त्याचा अर्थ दहा लाख नाही. तिथे त्याचा अर्थ ‘पुष्कळ’.

माझा सगळा जीव या वळणात अडकला आहे. सुरुवातीला एक नेमकी संख्या, शेवटी ‘पुष्कळ’. मधे तीन हजार वर्षं.

ही संख्या नेमकी होती याचा पुरावा फार जुना आहे. नार्मेर राजाचा, इ.स.पू. ३१०० च्या सुमाराचा, गदेचा दगडी माथा आहे. दक्षिण इजिप्तमध्ये नेखेन (ग्रीकांचं हिएराकोनपोलिस) इथे १८९७-९८ च्या उत्खननात क्विबेल आणि ग्रीन यांना तो सापडला. त्यावर हिशेब कोरला आहे: गुरं ४,००,०००, शेळ्या १४,२२,०००, बंदी १,२०,०००. शेळ्यांचा आकडा असा लिहिलाय: हात वर केलेला एक माणूस, चार बेडूकमासे, दोन बोटं, दोन कमळं. माणसामागून येणारी चिन्हं उरलेला हिशेब हजारापर्यंत नेतात. त्या जागी ‘हह’चा अर्थ नुसता ‘अगणित’ असता, तर पुढे दोन कमळं काढायची गरजच नव्हती.

आणि नंतर? रोजच्या हिशेबातून ‘हह’ लवकरच गळून गेला. दहा लाखांच्या पुढचं काही लिहायचं असेल तर लाखाचं चिन्ह घेऊन त्याखाली गुणक लिहायचे. म्हणजे ‘दहा लाख’, ‘सत्तावीस लाख’.

इथे मी थबकलो, कारण हे आपल्याकडेही घडलंय. संस्कृतात दहाच्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र नाव होतं: सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी. त्यातले अयुत आणि प्रयुत मराठीत बोलण्यातून गेले. आपण ‘दहा हजार’, ‘दहा लाख’ म्हणतो, हजारावर आणि लाखावर गुणाकार करूनच. प्रयुत आणि हह एकाच पायरीवरचे. प्रयुत पोथीत राहिला. हह मात्र देवळात गेला, देव झाला, आणि जिवंत राहिला.

तुम्हाला याबद्दल जे माहीत असेल, जे पाहिलं असेल, ते लिहा.

---

रानजाई

दौतटाक, तो माथा मी पाहिलाय! आम्ही इंग्लंडात राहतो आणि ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय तासाभरावर आहे. तुमचा धागा सकाळी वाचला आणि त्या दिवसाचे फोटो शोधून काढले.

जेमतेम वीतभर उंचीचा, पेरूच्या आकाराचा चुनखडीचा गोळा. दांडा बसवायला मधून भोक. लढाईत फिरवायला फारच बोजड, मिरवायचीच वस्तू. कोरीवकाम इतकं उथळ आणि झिजलेलं की समोर उभं राहून आधी काहीच दिसत नाही. मी फोनवर रेखाचित्र उघडून एकेक रेघ जुळवत बसले. पायऱ्यांच्या चौथऱ्यावर छताखाली राजा, डोक्यावर उत्तरेचा लाल मुकुट, वर पंख पसरलेलं गिधाड. मग बैल, शेळी, आणि हात मागे बांधून बसवलेला एक माणूस.

तो बंदी सापडल्यावर मी तिथेच थांबले. त्याच्यापाशी एक बेडूकमासा आणि दोन बोटं. एक लाख वीस हजार लोक, आणि चित्रात एकच. शेळ्यांसाठी एकच शेळी काढली तशीच माणसांसाठी एकच व्यक्ती. त्यानंतर त्या आकड्याकडे निव्वळ गणित म्हणून बघणं मला जमलेलं नाही.

---

पाटीपेन्सिल

धागा आवडला, पण एक शंका. चौदा लाख बावीस हजार शेळ्या! पाच हजार वर्षांपूर्वी इतक्या शेळ्या कोण मोजणार? ही राजाची बढाई असेल. आणि बढाईतला आकडा ‘नेमका’ कसा म्हणायचा?

---

दौतटाक

पाटीपेन्सिल, शंका रास्त आहे. दोन गोष्टी वेगळ्या करू.

शेळ्या खरंच तेवढ्या होत्या का, हा एक प्रश्न. राजाच्या मिरवणुकीतल्या वस्तूवर कोरलेला आकडा मी जमाखर्च म्हणून घेणार नाही. शब्दाचा अर्थ काय होता, हा दुसरा. बढाई मारणाऱ्यालाही आधी संख्या यावी लागते. ‘एक हह, चार लाख, वीस हजार, दोन हजार’ असं उतरत्या क्रमाने लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात हह हा लाखाच्या दसपट असा पक्का बसलेला आहे.

आणि हे लोक मोजत होते. जुन्या राज्यकाळात, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या काळात, गुरांची मोजणी हा सरकारी सोहळा होता, साधारण दर दोन वर्षांनी व्हायचा, आणि वर्षांना नावंही त्यावरून पडायची: अमक्या राजाच्या ‘मोजणीचं इतकंवं वर्ष’. ज्या देशात काळ गुरांच्या मोजणीने ओळखला जातो तिथे दहा लाखाला स्वतंत्र शब्द असणं मला नवलाचं वाटत नाही.

---

सांजवात

वाचनखूण साठवली.

मला त्या ‘थक्क माणसा’बद्दल विचारायचंय. मुलांना शिकवताना मीही हेच सांगत आले. मग ते हात वर का आहेत?

---

दौतटाक

सांजवातताई, याचं उत्तर इजिप्शियन लोकांनीच लिहून ठेवलंय आणि मला ते फार सुंदर वाटतं.

‘स्वर्गीय गायी’ची कथा आहे. तिचा सर्वात जुना सापडलेला पाठ तुतानखामुन राजाच्या शवपेटीभोवतीच्या सर्वात बाहेरच्या सोनेरी मखरावर आहे. नंतर सेती पहिला याच्या थडग्यातही ती आहे. माणसांनी बंड केलं, सूर्यदेव रा दमला, पृथ्वी सोडून आभाळात जायला निघाला. आभाळाची देवी नूत गाय झाली आणि त्याला पाठीवर घेऊन उठली. पण इतक्या उंचीवर गेल्यावर तिचे पाय थरथरायला लागले. तेव्हा रा म्हणाला, हिला आधार द्यायला माझ्याकडे ‘हह’ असते तर! आणि त्या शब्दातून हेह देव निर्माण झाले. चित्रात गायीच्या पोटाखाली शू देव हात वर करून उभा आहे आणि चारही पायांपाशी दोन-दोन असे आठ हेह तिला सावरताहेत.

म्हणजे रा दहा लाख मदतनीस मागतो आणि ‘दहा लाख’ हा शब्दच देव होऊन येतो. मराठीत कोटी म्हणजे शंभर लाखही आणि कोटी म्हणजे शब्दावरचा खेळही. ही देवाने केलेली कोटी, आणि तिच्यावर आभाळ तोललेलं.

मुलांना सांगताना एवढं सांगा: या माणसाचं नाव हेह, आणि हात वर आहेत कारण वरचं आभाळ कुणीतरी धरून ठेवायचं आहे. नार्मेरच्या काळच्या चिन्हात नुसती बैठक आणि हात दिसतात. पुढे त्याच्या डोक्यावर किंवा दोन्ही हातांत खजुराच्या झावळीचा कणा येतो, पातं काढलेला, खाचा पाडलेला. हा कणा म्हणजे ‘वर्ष’ या शब्दाचं चिन्ह. दोन्ही हातांनी वर्षं धरून बसलेला दहा लाख!

---

कातळशिल्प

कोटीचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे अजून आजी म्हणते, ‘खंडीभर कामं पडलीत’. खंडी हे धान्याचं माप, वीस मणांचं. आता मापाने कुणी मोजत नाही, पण ‘खंडीभर’ आहेच. तसंच ‘सतराशे साठ’. ‘सतराशे साठ लोक येऊन गेले’ म्हटलं तर कुणी मोजायला जात नाही. ‘नवकोट नारायण’ म्हटल्यावर कुणी नऊ कोटींचा हिशेब मागत नाही. ‘हह’चं असंच झालं असेल ना?

---

दौतटाक

खंडीचं उदाहरण फार जवळचं आहे, आभार. सतराशे साठ मात्र मी थोडं बाजूला ठेवीन. ‘सतराशे साठ रुपये’ म्हटलं की ती लगेच पुन्हा संख्या होते. खंडीचं माप व्यवहारातून गेलं आणि ‘खंडीभर’ उरलं. साहिदी कॉप्टिकमधला ‘हाह’ तसा आहे. त्याला पुन्हा दहा लाख करता येत नाही, तो दरवाजा बंद झालाय.

पण या दोन टोकांमध्ये एक मोठा काळ होता जेव्हा दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येत असावेत. राजांची स्मारकमंदिरं घ्या. त्यांना ‘हह वर्षांचा वाडा’ म्हणत. प्राचीन थीब्ज नगरीच्या, नाईलच्या पश्चिम तीरावरचं रामेसेस दुसऱ्याचं रामेसियम त्यातलंच. राजाने राज्य केलं सहासष्ट-सदुसष्ट वर्षं, मंदिराचं नाव दहा लाख वर्षांचं. रा ज्या होडीतून आभाळ ओलांडतो तीही ‘हहांची होडी’.

मृतांच्या ग्रंथात, म्हणजे मृतासोबत थडग्यात ठेवायच्या मंत्रसंग्रहात, १७५ व्या प्रकरणात मृतांचा देव ओसायरिस सृष्टिकर्त्या आतुमला विचारतो, माझं आयुष्य किती? उत्तर येतं, ‘हह न हहू’, दहा लाखांचे दहा लाख. आपण ‘कोटी कोटी’ म्हणतो तसं. एकदा म्हणून पुरत नाही म्हणून स्वतःशीच गुणलं. माझ्या कानाला इथे अजून संख्येची धार जाणवते. निव्वळ ‘पुष्कळ’ला असं गुणून काय मिळणार?

---

थेम्सकाठची_माय

तुतानखामुनचं नाव आलं म्हणून लिहिते. त्याच्या थडग्यात पहिल्या दालनाच्या दाराशीच एक पांढऱ्या कॅल्साइट दगडाचा, उमलत्या कमळासारखा पेला मिळाला होता. त्याच्या दोन्ही मुठींवर कमळं आणि कमळांवर गुडघे टेकून बसलेले हेह. पेल्यावर लिहिलंय, तुझा ‘का’ (प्राणशक्ती) जिवंत राहो, थीब्जवर प्रेम करणाऱ्या, तू हह वर्षं घालवावीस, उत्तरेच्या वाऱ्याकडे तोंड करून, डोळ्यांनी सुख पाहत.

ज्याने ते थडगं १९२२ मध्ये शोधलं तो हॉवर्ड कार्टर १९३९ मध्ये वारला. लंडनच्या पटनी व्हेल दफनभूमीत त्याची कबर आहे आणि शिळेवर हीच ओळ इंग्रजीत कोरली आहे. मी पावसात गेले होते. साधी शिळा आहे. ‘उत्तरेचा वारा’ लंडनच्या थंडीत वाचताना अंगावर काटा आला, कारण इजिप्तच्या उन्हाळ्यात तोच वारा सुखाचा. एकोणीस वर्षांच्या आसपास गेलेल्या मुलासाठी कुणीतरी दहा लाख वर्षं मागितली होती.

---

गिरणाकाठ

हेह हा एकटा नाही हेही सांगायला हवं. तो आणि त्याची जोडीदारीण हौहेत ही हर्मोपोलिसच्या आठ आदिदेवांतली एक जोडी. बाकीच्या नून-नौनेत, केक-कौकेत आणि आमून-आमौनेत. आदिजल, अमर्यादपणा, अंधार आणि गुप्तपणा. त्या गावाचं इजिप्शियन नावच ‘खेमेनू’, आठांचं गाव. ‘आठ’ला शब्द होता ‘खेमेन’. कॉप्टिकमध्ये तो ‘श्मून’ झाला आणि अरबीत गावाचं नाव आजही अल-अश्मूनैन आहे, मिन्या प्रांतात. म्हणजे तिथला शेतकरी आपल्या गावाचं नाव सांगताना न कळत हजारो वर्षं जुना ‘आठ’ उच्चारतो.

मी चाळीसगावचा. आमच्या गावाच्या नावातही संख्याच आहे, त्यामुळे हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. जवळच पाटणादेवी, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आणि त्यांच्याच लीलावतीत, १११४ मध्ये जन्मलेल्या या माणसाच्या ग्रंथात, मोठ्या संख्यांची यादी आहे: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म... अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ! तिकडे हजार म्हणजे कमळ, इकडे शंभर कोटी म्हणजे कमळ. दोन्हीकडे कमळच का? काही देवाणघेवाण?

---

दौतटाक

गिरणाकाठ, अश्मूनैन आणल्याबद्दल मनापासून आभार, ते माझ्याकडून राहिलं होतं.

कमळाबाबत मात्र मी नातं जोडणार नाही. इजिप्तमध्ये हजाराला कमळ आलं ते आवाजामुळे. हजार म्हणजे ‘खा’, आणि पान-देठ-कंदासकट कमळाच्या रोपाचं चिन्हही ‘खा’ असंच वाचलं जायचं. हजार काढता येत नाही, कमळ काढता येतं, म्हणून कमळ काढून हजार वाचायचं. आपल्याकडे ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारला द्यायचा पैसा. चित्रलिपी असती तर कर भरल्याच्या पावतीवर हात काढला असता. तसंच. दहा हजाराचं ‘जेबा’ आणि बोटाचं ‘जेबा’ही एकाच आवाजाचे, म्हणून तिथे बोट. बेडूकमाशाचंही तसंच. पुरानंतर चिखलात ते असंख्य वळवळतात म्हणून लाख, हे स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. ते चित्र डोळ्यांपुढे येतं हे खरं, पण बेडूकमाशाच्या आणि लाखाच्या शब्दांचा आवाज जुळतो, आणि लेखनिकाला तेवढं पुरे होतं.

आपल्या अब्जात आवाजाचा संबंध नाही, तिथे थेट वस्तूचं नाव संख्येला दिलंय, जलधी आणि शंकूला दिलं तसं. दोन वेगळ्या वाटा एका फुलापाशी आल्या.

हजार मात्र इजिप्तमध्येही मोजणीबाहेर गेलेला दिसतो. मृताच्या नावाने दान मागायचा मंत्र शेकडो शिळांवर आहे: हजार भाकरी, हजार बिअर, हजार बैल, हजार पक्षी, हजार तलम वस्त्रं. नेमकं म्हणायचं तर ‘भाकरीचे हजार’, कारण मोठ्या संख्येला वस्तू अशीच जोडत. ती नेमकी हजार असावी असं मागणाऱ्यालाही वाटत नसणार. पोट भरून उरेल इतकं द्या, एवढंच.

---

मृगजळ७

मी कुवेतमध्ये नोकरीला आहे. शेजारच्या टेबलावर मिन्याकडचा एक कॉप्टिक ख्रिश्चन सहकारी बसतो. त्याला ‘हाह’ दाखवलं. तो म्हणाला, आमच्या चर्चमध्ये हा शब्द नाही, आम्ही ‘पुष्कळ’ला ‘मीश’ म्हणतो. मी जरा खट्टू झालो. मग त्याने सांगितलं, पण ‘थ्बा’ आहे, दहा हजार. देवापुढे उभ्या असलेल्या देवदूतांबद्दल प्रार्थनेत येतं, दहा हजारांचे दहा हजार आणि हजारांचे हजार. हजाराला ते ‘शो’ म्हणतात. त्याने ती ओळ हळू आवाजात म्हणून दाखवली. जेवणाची सुट्टी होती, कार्यालय रिकामं होतं.

थ्बा म्हणजे तुमचा तो ‘जेबा’च का?

---

दौतटाक

तोच! जेबा, मग साहिदीत त्बा, आणि चर्चच्या बोहैरी बोलीत थ्बा. तसंच ‘खा’चं ‘शो’. सहकाऱ्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे, चर्चमध्ये आज बोहैरी चालते आणि ‘हाह’ साहिदीतला, दक्षिणेकडचा. म्हणजे कमळ आणि बोट संख्या म्हणून प्रार्थनेत अजून म्हटले जातात आणि वर हात केलेला मात्र जुन्या साहिदी हस्तलिखितांत ‘पुष्कळ’ होऊन राहिलाय. मृगजळ, तुम्ही त्याच्या तोंडून ती ओळ ऐकलीत. पाच हजार वर्षांपूर्वी गदेवर कोरलेलं ते बोट. त्याला माझा नमस्कार सांगा.

---

पाटीपेन्सिल

माझी शंका मी मागे घेत नाही, शेळ्या तेवढ्या नव्हत्याच असं मला वाटतं. पण शब्द नेमका होता हे पटलं. आज वर्गात फळ्यावर प्रयुत लिहिलं. एका मुलाने विचारलं, सर हा कुठला शब्द? आपलाच, म्हणालो.

---

दौतटाक

पुतणीचा प्रकल्प आज पूर्ण झाला. पुस्तकातली ओळ तिने घेतली नाही. हेहच्या चित्राखाली लिहिलंय, ‘हेह. याचे हात आभाळाला लागले आहेत.’ शेजारी नार्मेरच्या शेळ्या: एक हेह, चार बेडूकमासे, दोन बोटं, दोन कमळं. बेडूकमाशांच्या शेपट्या रंगवताना तिचा पाऊण तास गेला. पाचवा काढायला जागा उरली नव्हती, बरं झालं शेळ्या पंधरा लाख नव्हत्या, म्हणाली.